शिपायाला मराठी, साहेबाला इंग्रजी

देवळालीच्या मैदानावर तोफा सुटूं लागल्या म्हणजे आमच्या शाळेचीं तावदानें थरथरतात आणि पोरें पाढे सोडून आवाज मोजूं लागतात. नाशिक जिल्ह्यांतील कुणब्या-माळ्याला, सुतार-लोहाराला फौज ही लांबची गोष्ट नाहीं. देवळालीस तोफखान्याची शाळा आहे, नाशिकरोडला तोफखान्याचें केंद्र आहे, ओझरला विमानांचा कारखाना आहे. पोरगा दहावी झाला कीं पहांटे डांबरी रस्त्यानें पळूं लागतो आणि आई त्याच्यासाठीं दोन भाकरी जास्त थापते. तेव्हां फौजेची सुधारणा कशी व्हावी हा प्रश्न दिल्लीच्या मोठ्या लोकांचा जेवढा, तेवढाच आमच्या चुलीचाही आहे. परंतु त्यावर वर्तमानपत्रांत लिहिणारे कोण, तर निवृत्त जनरल आणि निवृत्त ब्रिगेडियर. निवृत्त हवालदाराचा लेख छापलेला वाचकांपैकीं कोणीं पाहिला आहे काय? म्हणून मराठी शाळेच्या एका मास्तराचे हे चार शब्द.

२०२२ च्या जूनमध्यें सरकारनें अग्निपथ योजना काढली. शिपायाची पूर्वीची पंधरा-सतरा वर्षांची पेन्शनीची नोकरी गेली आणि चार वर्षांची आली. चार वर्षांनीं शंभरांतले पंचवीसपर्यंत ठेवावयाचे, बाकीचे घरीं. पेन्शन नाहीं, ग्रॅच्युइटी नाहीं. पहिल्या वर्षीं महिना ३०,००० रुपये, पैकीं ९,००० कापून ठेवावयाचे, म्हणजे हातीं २१,०००. घरीं येतांना ११ लाख ७१ हजारांची थैली. आंकडा ऐकून पुष्कळ आईबापांचे डोळे दिपले. मीं हा हिशेब वर्गांत फळ्यावर घातला. चार वर्षांत पोराच्याच पगारांतून कापले जातात ५ लाख २ हजार २०० रुपये, सरकार तेवढेच घालतें, वर व्याज. म्हणजे व्याजासकट अर्धी थैली पोराच्याच घामाची. पांचवींतल्या पोरीला जें कळलें तें थैलीच्या जाहिराती वाचणाऱ्यांना कळूं नये?

सुधारणावाले म्हणतात, संरक्षणखात्याचा पैसा पगार-पेन्शनींतच आटतो, तोफा-विमानांना उरत नाहीं. शिवाय फौज प्रौढ झाली, सरासरी वय बत्तिसावरून सव्विसावर आणावयाचें आहे. गोष्ट अगदींच खोटी नाहीं. तरणी फौज हवी, हेंही कबूल. पण काटकसरीची कात्री फिरली कोणाच्या अंगरख्यावर? अग्निपथ अधिकाऱ्यांना लागूच नाहीं. कर्नलसाहेबांचें पेन्शन जसेंच्या तसें. अल्पमुदतीच्या कमिशनवर दहा ते चौदा वर्षें काढणाऱ्या अधिकाऱ्यालाही पेन्शन मिळत नाहीं, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु त्याला ग्रॅच्युइटी मिळते, आणि कायम कमिशनची वाट त्याच्यासाठीं बंद केलेली नाहीं. शिपाई होऊं पाहणाऱ्या आमच्या पोराला मात्र २०२२ पासून दुसरी वाटच ठेवली नाहीं.

बरें, फौजेनें ही योजना अशीच मागितली होती म्हणावें, तर तसेंही दिसत नाहीं. २०२२ च्या एप्रिलअखेर सेनाप्रमुखपदावरून उतरलेले जनरल मनोज नरवणे हे आपल्या पुण्याचे. त्यांच्या आठवणींतला कांहीं भाग वृत्तसंस्थेनें २०२३ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध केला. योजनेनें फौजेलाही चकित केलें, आणि शंभरांतले पंचाहत्तर ठेवून पंचवीस सोडावे असें फौजेचें म्हणणें होतें, असें त्यांत आलें आहे. आंकडे तेच राहिले, फक्त इकडचे तिकडे झाले. सेनाप्रमुखाचा शब्द जेथें चालला नाहीं, तेथें बांधावरच्या बापाला विचारतो कोण?

२०२४ च्या ऑक्टोबरांत देवळालीच्याच मैदानावर सराव चालू असतां तोफगोळा फुटून दोन अग्निवीर गेले. एक वीस वर्षांचा, दुसरा एकवीस. त्या दिवशींचा आवाजही आमच्या पोरांनीं मोजला असेल. मेलेल्या अग्निवीराच्या घरच्यांना विम्याचे ४८ लाख आणि सानुग्रह रक्कम ठेवली आहे, ती लहान नाहीं. पण कायम शिपायाच्या विधवेला किंवा आईबापांना जें महिन्याचें पेन्शन मिळतें, तें २०२२ च्या योजनेंत ठेवलेलें नाहीं. गोळा कांहीं नोकरीची मुदत विचारून फुटत नाहीं.

वरच्यांनीं ठरवावें आणि खालच्यांनीं भोगावें, ही रीत जुनी आहे. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनीं ‘लढाऊ जाती’चें खूळ डोक्यांत घेऊन महारांची भरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या पलटणींत घालविलेल्यांच्या घरचें ताट एका हुकुमानें ओढून घेतलें. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ सालीं अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनीं १९१० सालीं थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. महायुद्धांत गरज पडली तेव्हां १९१७ मध्यें महारांची पलटण उभारली, आणि गरज सरतांच मोडली. कायमची महार रेजिमेंट व्हावयास १९४१ साल उजाडलें. पलटण म्हणजे नुसती भाकर नव्हती, शाळाही होती. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी पलटणीच्या शाळेंत मास्तर होते, हें आम्हां मास्तरांनीं तरी विसरूं नये. नोकरी बंद झाली तेव्हां ही शाळाही बंद झाली.

अधिकाऱ्यांच्या दाराची कथा निराळी. १९१८ पूर्वीं हिंदी माणूस कितीही शूर असो, सुभेदार-मेजरच्या वर त्याची धांव नव्हती. काल आलेला गोरा पोरगा त्याचा साहेब. १९१८ सालीं सँडहर्स्टला वर्षाच्या दहा जागा मिळाल्या, १९३२ सालीं डेहराडूनचें विद्यालय निघालें. त्या वादांत पुढें असलेले डॉ. मुंजे यांनीं १९३७ सालीं नाशकांत भोंसला मिलिटरी स्कूल काढलें. त्यांचें राजकारण आमचें नव्हे, पण अधिकारी हा शाळेच्या बाकावर तयार होतो हें त्यांनीं बरोबर ओळखलें होतें. १९६१ सालीं कृष्ण मेनन यांनीं सैनिकी शाळांची योजना आणली. अधिकारी ठराविक प्रांतांतले आणि ठराविक घरांतलेच येतात, तें मोडावें हाच तिचा हेतु. पहिली शाळा आपल्या साताऱ्याला निघाली. आज तिथली वर्षाची फी भरावयास कांद्याची एक ट्रॉली पुरत नाहीं. ज्याला शिष्यवृत्ति मिळाली तो तरला.

आतां मुख्य मुद्दा. २०२५ पासून अग्निवीराची लेखी परीक्षा तेरा भाषांत देतां येते, त्यांत मराठी आहे. आनंद झाला. परंतु त्याच फौजेंत अधिकारी होण्यासाठीं खडकवासल्याच्या प्रबोधिनीची जी परीक्षा आहे, तिच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदींत निघतात. गणिताला ३०० गुण, सामान्य क्षमतेला ६००, पैकीं २०० एकट्या इंग्रजीचे. त्यांतून पार पडला तर पांच दिवसांची निवड मंडळाची मुलाखत, तिला ९०० गुण. ज्याच्या घरीं कोणी इंग्रजी बोललें नाहीं, त्यानें तेथें पांच दिवस उभें राहावयाचें. खांद्यावर बंदूक घ्यावयाची तर मराठी चालते. खांद्यावर तारे लावावयाचे तर चालत नाहीं.

माझ्या हातून शिकून गेलेला एक मुलगा बीजगणितांत असा पटाईत कीं त्याचीं उत्तरें मला दोनदां तपासावीं लागत. प्रबोधिनीची परीक्षा देऊन आला आणि म्हणाला, “गुरुजी, गणितें येत होतीं, पण काय विचारलंय तें समजेपर्यंत वेळ गेला.” पुढच्या वर्षीं तो अग्निवीर झाला.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्हींच इंग्रजी नीट शिकवा ना. शिकवूं, दोषाचा वांटा माझ्याही पदरांत आहे. अध्यापक विद्यालयांत मला जें इंग्रजी मिळालें तेंच मी वाढतों. पण गणिताचा पेपर मराठींत छापल्यानें देशाचें संरक्षण कसें ढासळतें, तें कोणी समजावून द्यावें. मराठा लाइट इन्फंट्रींत परप्रांतींचा अधिकारी आला तर त्यानें शिपायांची भाषा शिकावी अशी रीत आहे. म्हणजे हुकूम देण्यापुरती मराठी लागते!

इकडे फौजेंत सुमारें आठ हजार अधिकाऱ्यांच्या जागा रिकाम्या असल्याचें सरकारनेंच २०२३ सालीं संसदेंत सांगितलें. जागा आहेत, पोरें आहेत. मधली शिडी नाहीं. राज्य सरकारनें १९७७ सालीं औरंगाबादेस मुलांसाठीं सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था काढली, २०२३ सालीं मुलींसाठीं नाशकांत काढली. ह्या चांगल्या गोष्टी. पण सगळ्या महाराष्ट्राच्या मानानें दोन ओंजळी.

येत्या ग्रामसभेंत तीन ठराव करावे आणि आपापल्या खासदाराकडे पाठवावे. इंग्रजीखेरीज प्रबोधिनीचे पेपर मराठींत निघावे. सेवेंत मरण पावलेल्या अग्निवीराच्या घरच्यांना इतर शिपायांच्या घरच्यांप्रमाणें पेन्शन मिळावें. आणि फौजेच्या सुधारणेवर यापुढें जी समिति बसेल, तींत निवृत्त सुभेदार-हवालदार असावे. पहिली तुकडी २०२३ च्या जानेवारींत नाशिकरोडच्या केंद्रांत शिरली, तिचीं चार वर्षें २०२७ च्या आरंभीं भरतात. ठराव त्या हिशेबानें करावे. मसुदा ज्यांना हवा असेल त्यांनीं संपादकांच्या पत्त्यावर कार्ड टाकावें, मी हातानें लिहून पाठवीन.

— एक खेड्यांतला मास्तर, जि. नाशिक