गेमची डिस्क घ्यावी की डाउनलोड करावा? पैसे भरण्याआधी हे वाचा
गेमसाठी विरारहून लोकल पकडून मुंबईतला लॅमिंग्टन रोड गाठायचा, की घरबसल्या डाउनलोड करायचा? १०० जीबीचा गेम ५० एमबीपीएस वेगाने उतरायला साधारण साडेचार तास लागतात.

मात्र खरा प्रश्न मालकीचा आहे. डाउनलोडमध्ये बहुतेकदा फक्त वापराचा परवाना मिळतो. गेम पुढे विकता येत नाही. कन्सोलची डिस्क खेळून झाल्यावर विकता येते.

तरीही डिस्क म्हणजे कायमची हमी नव्हे. युबीसॉफ्टने मार्च २०२४ अखेर ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले आणि डिस्क असलेल्यांचाही गेम थांबला. पीसी गेमच्या खोक्यात तर अनेकदा डिस्कऐवजी कोडच असतो.

थोडक्यात, गेम ऑफलाइन चालणारा असेल तर कन्सोलसाठी डिस्क फायद्याची. इंटरनेटशिवाय न चालणाऱ्या गेमसाठी जास्त पैसे मोजण्याआधी विचार करा.