तिकिटावरचा सुरखाब

टपाल तिकिटे जमवण्याचा छंद तुमच्यापैकी काहींना असेल. गोरेगावसारख्या गावात ती बहुधा जुन्या पाकिटांवरूनच मिळतात. पाकिटाचा तुकडा पाण्यात भिजवायचा, तिकीट हलकेच सोडवायचे आणि वाळवून वहीत ठेवायचे. या वह्यांत पक्ष्यांची तिकिटे मला सर्वांत देखणी वाटतात. आपल्या टपाल खात्याने 1980 साली माळढोकाचे तिकीट काढले. थोर पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या जन्मशताब्दीला, 1996 साली, त्यांचेही तिकीट निघाले.

पण त्या तिकिटामुळे माळढोकाला काय मिळाले? नाव आणि कौतुक. तिकिटाची किंमत टपालाची होती, माळरानाची नव्हती. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणे फार दुर्मीळ झाले आहे.

अमेरिकेत मात्र एक निराळे तिकीट आहे. 1934 साली तिथे बदकांची संख्या फार घटली होती. तेव्हा सरकारने कायदा केला, की बदकांची शिकार करणाऱ्याने दरवर्षी एक तिकीट विकत घ्यावे. पहिल्या तिकिटाचे चित्र डार्लिंग नावाच्या व्यंगचित्रकाराने काढले. किंमत होती 1 डॉलर. हे तिकीट पत्राला चालत नाही. त्याच्या प्रत्येक डॉलरमधले 98 सेंट पाणथळ जागा विकत किंवा भाड्याने घेण्यासाठी जातात. आतापर्यंत अशी 60 लाख एकरांहून अधिक जमीन राखली गेली आहे. शिकार न करणारे लोकही हौसेने ते तिकीट घेतात.

आपल्याकडे 1972 च्या कायद्याने वन्य पक्ष्यांना संरक्षण दिले आहे. त्यामुळे शिकाऱ्यांकडून पैसे घ्यावेत, असे मी म्हणणार नाही. पण जादा पैशांचे तिकीट आपल्यालाही नवे नाही. 1971 साली बांगलादेशातून लाखो निर्वासित आले, तेव्हा पत्रावर 5 पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे होते. ते पैसे निर्वासितांसाठी होते. माणसांसाठी जे झाले, ते पाखरांसाठी का होऊ नये? माझ्या मते सक्तीही नको. ज्याला हौस आहे त्याने घ्यावे.

पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे आपल्या जवळची. मराठवाड्यातल्या अशा जलाशयांवर हिवाळ्यात चक्रवाक उतरतात. तुमच्या उर्दूतला सुरखाब तो हाच! पाणी ओसरले, की काठच्या ओल्या जमिनीवर गाळपेर होते. शेतकऱ्याला दोष देता येत नाही, त्याचे पोट त्यावर आहे. परंतु काठाचा थोडा पट्टा त्याने न नांगरता सोडला आणि त्या पिकाचे पैसे तिकिटांच्या निधीतून त्याला मिळाले, तर दोघांचेही भागेल.

हल्ली पत्रे लिहितो कोण, असे कोणी विचारील. अमेरिकेतले तिकीट तरी पत्रासाठी कुठे आहे? ते संग्रहासाठीही विकले जाते, आणि आपल्याकडे संग्राहक काही कमी नाहीत. 5 रुपये जादा द्यायला मी तरी तयार आहे. फक्त पहिल्या तिकिटावर सुरखाब हवा. माळढोकाचे तिकीट निघून गेले, सुरखाब अजून दरवर्षी येतो आहे.