भंगार, पांसुकूल आणि आपली शिबिरे

आपल्या विद्यालयाच्या हिवाळी शिबिराला लागणारे निम्मे सामान अलीकडे भंगाराच्या दुकानातून येते. तंबूच्या खुंट्या बांधकामावरच्या उरलेल्या सळयांच्या, अंथरायचे ताडपत्रीसारखे कापड जुन्या फ्लेक्सचे, चुली तेलाच्या डब्यांच्या, पाठीवरच्या पिशव्यांचे पट्टे मोडीत निघालेल्या मोटारींच्या सीटबेल्टचे. मुले हे सारे स्वतः निवडतात, धुतात, कापतात, शिवतात. पाहुणे येऊन कौतुक करतात, छायाचित्रे काढतात. परंतु पालकसभेत याविषयी वेगळाच सूर ऐकू येतो. "आमच्या दोन पिढ्यांनी उकिरडे उपसले. पोरगं त्यातून सुटावं म्हणून वसतिगृहात घातलं, आणि गुरुजी, तुम्ही त्याला परत भंगारातच धाडता?" असा तो प्रश्न आहे. कौतुक करणाऱ्या पाहुण्यांपेक्षा हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांना इतिहास अधिक कळतो, असे आमचे मत आहे. म्हणून त्याला उत्तरही इतिहासाच्या अंगानेच द्यावे लागेल.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांतून जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत असे सांगितले आहे. म्हणजे इतरांनी टाकलेली वस्तू वापरणे ही आपल्या पूर्वजांची काटकसर नव्हती, तर त्यांच्यावर लादलेली शिक्षा होती. गरिबाने जुने वापरणे आणि एका समूहाने जुनेच वापरावे असा नियम असणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. 1927 च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे सोडण्यास सांगितले, त्याच वर्षी 25 डिसेंबरला तेथेच तो ग्रंथ जाळला गेला, आणि त्या परिषदेच्या निमित्ताने जमलेल्या स्त्रियांना त्यांनी अस्पृश्यतेची ओळख पटवणारे नेसणे व दागिने टाकून देण्यास सांगितले. फुटके भांडे आणि लोखंडी दागिना यांच्याशी आपले नाते हे असे आहे. त्यामुळे पालकांच्या कपाळावर आठी पडते, ती योग्यच आहे.

परंतु प्रेतावरच्या वस्त्राची आणखी एक कथा आहे, आणि ती आपल्याच परंपरेतली आहे. प्रारंभीचे भिक्षू उकिरड्यावर, रस्त्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करीत, त्या धुऊन, रंगवून, जोडून चीवर शिवीत. त्यालाच पांसुकूल म्हणत. जीवक वैद्याने भगवंतांना वस्त्रदान स्वीकारण्याची विनंती केली, तेव्हा ज्याला हवे त्याने पांसुकूलिक राहावे, ज्याला हवे त्याने गृहस्थाने दिलेले वस्त्र घ्यावे, अशी मोकळीक भगवंतांनी दिली. पुढे देवदत्ताने भिक्षूंनी आयुष्यभर पांसुकूलच वापरावे असा नियम करण्याची मागणी केली आणि भगवंतांनी ती नाकारली. आमच्या मते या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा हाच आहे. चिंधी तीच, स्मशान तेच. एकीकडे चांडाळावर सक्ती, दुसरीकडे भिक्षूची निवड. आणि त्या संघात सफाईचे काम करणारा सुनीत होता, सोपाक होता, न्हावी उपाली होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी त्यांच्या धम्मदीक्षेच्या कथा आवर्जून दिल्या आहेत.

चुल्लवग्गात कोसंबीची एक हकिकत आहे. राणीवशाने आनंदाला पाचशे वस्त्रे दान केली, तेव्हा राजा उदेनाला शंका आली की हा भिक्षू इतक्या वस्त्रांचा व्यापार मांडणार की काय. आनंदाने सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांच्या गादीच्या खोळी, जुन्या खोळींची जमिनीवरची अंथरणे, त्यांची पायपुसणी, त्यांची धूळ झटकायची फडकी, आणि फडकी फाटली की ती कुटून चिखलात मळून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले. आजकाल पुनर्वापर या विषयावर शाळाशाळांतून भाषणे होतात. वक्त्यांनी ही हकिकत एकदा वाचावी.

आता प्रत्यक्ष सामानाकडे वळू. तेलाच्या पंधरा किलोच्या चौकोनी डब्याची चूल हा मुलांचा सर्वांत आवडता प्रकार. डब्याच्या एका बाजूला तळाशी वीतभर रुंद तोंड कापायचे, आत चार बोटे उंचीवर तीन सळया आडव्या घालायच्या, वरच्या कडेला धूर जाण्यासाठी भोके पाडायची. लाकूड सळयांवर राहते, खालून हवा शिरते, तापलेली हवा वर जाताना नवी हवा ओढून घेते. म्हणून मोकळ्या तीन दगडांच्या चुलीपेक्षा निम्म्याहून कमी काटक्यांत भात शिजतो, असा आमचा अनुभव आहे. पत्र्याच्या कडा पक्कडीने आत दुमडल्याशिवाय चूल वापरायची नाही, आणि पहिल्यांदा ती रिकामीच तासभर उघड्यावर पेटवून रंग जाळून टाकायचा. जस्त चढवलेला पत्रा किंवा पाइप, ज्याला कारागीर जीआय म्हणतात, तो मात्र चुलीला अजिबात चालत नाही. जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. हे रसायनशास्त्र आहे, आणि ते वर्गातल्या फळ्यापेक्षा भंगाराच्या ढिगापाशी लवकर समजते.

सायकलची जुनी ट्यूब आडवी कापली की उत्तम रबरी पट्ट्या मिळतात. बांबूच्या सांध्यावर ताणून गुंडाळल्या तर सुंभापेक्षा घट्ट बसतात. ट्रकचा मोडलेला कमानपाटा लोहाराकडे नेला तर त्याचा उत्कृष्ट कोयता होतो. तापवून, घडवून त्याला पाणी देताना मुलांनी पाहिले म्हणजे पोलाद म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. फ्लेक्सचे कापड पाणी धरते, पण विस्तवाजवळ ते वितळते आणि विषारी धूर सोडते. म्हणून स्वयंपाकाच्या जागेपासून दूरच. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स आपल्याकडे बारमाही उपलब्ध असतात, त्यांचा चेहरा जमिनीकडे करून अंथरावेत, कोणाचीही हरकत नसते. बुद्धांची अथवा बाबासाहेबांची प्रतिमा असलेला फ्लेक्स मात्र अंथरण्यात जाऊ नये, यासाठी आमची मुले प्रत्येक तुकडा उलगडून पाहतात. तो छताला जातो.

पुराचा विषय थोडा सविस्तर मांडावासा वाटतो. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्याने महापूर पाहिला. आपल्या अनेक वस्त्या गावाच्या सखल अंगाला, नदी-ओढ्याच्या काठी आहेत. ती जागा आपण निवडलेली नव्हती. आणि पोहणे? खेड्यातली इतर मुले पाठीला पत्र्याचा डबा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून विहिरीत पोहायला शिकली. ज्या विहिरीला शिवायचीच बंदी, तिच्यात आपल्या आज्यापणज्यांना पोहायला कोण उतरू देणार होते? चवदार तळ्याचा सत्याग्रह पिण्याच्या पाण्याच्या हक्कासाठी झाला. पाण्यात तरंगण्याचा हक्क आजही आपल्या बहुसंख्य मुलींकडे नाही. म्हणून शिबिरात संथ पाण्यात, पट्टीचे पोहणारे सोबत असताना, मुला-मुलींना खाद्यतेलाचे रिकामे कॅन बांधून तरंगायला शिकवले जाते. घट्ट झाकणाचा पाच लिटरचा कॅन पाण्यात साधारण पाच किलोचा भार उचलून धरतो. शरीराचे बहुतेक वजन पाणीच पेलत असल्यामुळे असे दोन कॅन काखेखाली असले की डोके वर राहते. घरात पाणी शिरल्यावर मुलाला हे आठवले तरी पुष्कळ झाले.

येथे मात्र आम्ही एक रेघ ओढतो, आणि ती व्यवस्थापन समितीनेही मान्य करावी असा आमचा आग्रह आहे. ज्या वस्तूवर कोणाचा जीव टांगलेला आहे, ती भंगारातून यायची नाही. कड्यावर वापरायचा दोर, नदीवरच्या सरावाची जीवरक्षक जाकिटे, प्रथमोपचाराची पेटी ही नवी, पावतीसह, विकतच घ्यायची. कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला वापरायचा नाही. मोटारीची बॅटरी फोडायची नाही, लॅपटॉपचे सेल उचकटायचे नाहीत. हातमोजे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांशिवाय एकही विद्यार्थी ढिगाला हात लावणार नाही. मुले कचरा डेपोवर जाणार नाहीत. ती दुकानात जातील, वजन करून, पैसे मोजून माल घेतील. "आपली मुले भंगारातून सगळे करतात" या कौतुकाचा आधार घेऊन शिबिराच्या खर्चाला कात्री लावणे म्हणजे देवदत्ताचाच नियम पुन्हा आणणे होय. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण आज चांगल्या हुद्द्यांवर आहेत. त्यांना देणगी द्यावयाची झाल्यास आपले जुने कपडे आणि जुनी पुस्तके यांच्याआधी वीस नवी जीवरक्षक जाकिटे द्यावीत, असे आम्ही येथे स्पष्टच लिहितो.

राहिला पालकांच्या प्रश्नाचा शेवटचा भाग. भंगार वेचणे हे काम अप्रतिष्ठेचे ठरवले ते आपण नव्हे. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी आपण कामगार आहोत हे ठणकावून सांगितले आणि ओळखपत्रे मिळवली. त्यांत आपल्या समाजाच्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. हाताच्या अंदाजाने अॅल्युमिनियम आणि जर्मन ओळखणे, लोहचुंबकाने पितळेतली भेसळ पकडणे, प्लास्टिक नखाने दाबून त्याची जात सांगणे, हे ज्ञान आमच्यापैकी एकाही शिक्षकाकडे नाही. ते काही पालकांकडे आहे, आणि आजवर पालकसभेत त्यांना सर्वांत मागे बसलेले आम्ही पाहतो. येत्या शिबिराच्या दुसऱ्या दिवशीचे पहिले सत्र अशा दोन मातांनी घ्यावे असा प्रस्ताव आम्ही समितीपुढे ठेवला आहे. बाहेरगावच्या व्याख्यात्यांना जितके मानधन देतो तितकेच त्यांना द्यावे, आणि निमंत्रणपत्रिकेत त्यांची नावे व्याख्यात्यांच्याच यादीत छापावीत, असेही त्यात नमूद आहे. प्रस्तावावर निर्णय व्हावयाचा आहे. या लेखाच्या वाचकांपैकी जे समितीवर आहेत त्यांनी त्याची नोंद घ्यावी.