गोळी, पेला आणि न विचारलेला प्रश्न

श्रावणापूर्वीची आषाढ अमावास्या महाराष्ट्रात 'गटारी' म्हणून साजरी होते. त्या रात्री पेला हाती घेणाऱ्यांत चिंतेवर वा नैराश्यावर औषध घेणारेही असतात. 'आज गोळी घेतली नाही, तेव्हा थोडी घेण्यास हरकत नाही,' असा हिशेब त्यांपैकी काही जण मनाशी मांडतात. हा हिशेब चुकीचा आहे. आणि तो चुकीचा असल्याचे त्यांना बहुधा कोणी सांगितलेलेच नसते.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम ही चिंताशामक औषधे मेंदूतील 'गाबा' या रासायनिक संदेशवाहकाचा प्रभाव वाढवून मज्जासंस्थेची उत्तेजना कमी करतात. मद्यही काही अंशी त्याच मार्गाने कार्य करते. दोन्ही एकत्र आल्यास गुंगी वाढते, तोल जातो, आणि मात्रा अधिक झाल्यास श्वसन मंदावून मृत्यूही ओढवू शकतो. एक दिवस गोळी टाळल्याने धोका टळत नाही, कारण डायझेपामचा अंश शरीरात अनेक दिवस राहतो. उलट नियमित घेतलेले औषध एकाएकी सोडल्यास अस्वस्थता व निद्रानाश बळावतात, प्रसंगी झटकेही येतात. फ्लुओक्सेटिनसारख्या नैराश्यावरील औषधांचा मद्याशी संयोग तितका तत्काळ घातक नसेल; पण त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, आणि मन खिन्न करणारे व झोप बिघडवणारे मद्य त्या सायासांवर पाणी फिरवते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. जे कष्टाने उपचारांपर्यंत येतात, त्यांचा पैसा व वेळ केवळ माहितीच्या अभावी वाया जावा, हे कोणत्याही समाजाला परवडणारे नाही.

नियम नाहीत असे नव्हे. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' अनुसूचीनुसार अल्प्राझोलाम व डायझेपाम यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद औषधविक्रेत्याने तीन वर्षे जपावयाची असते. तथापि ही नोंद तपासनिसाच्या उपयोगाची. रुग्णाला तिच्यातून काहीच कळत नाही. मद्याच्या बाटलीवरही एप्रिल २०१९ पासून आरोग्यास अपाय होत असल्याचा व पिऊन वाहन न चालविण्याचा इशारा सक्तीचा आहे. त्यात वाहनचालकाची आठवण ठेवली गेली, औषध घेणाऱ्याची राहून गेली.

प्रौढ माणसाने आपले बरेवाईट आपण पाहावे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तत्त्वतः तो मान्य करावयास हरकत नाही. परंतु निवडीचे स्वातंत्र्य माहितीवाचून पोकळ ठरते, आणि या व्यवहारात माहिती सारी विक्रेत्याच्या व वैद्यकाच्या बाजूस असते. शासनही येथे तटस्थ नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा पिण्याचे मद्य त्यातून वगळले गेले. त्यावरील करांचे उत्पन्न राज्यांच्याच हाती राहिले. ज्या वस्तूपासून तिजोरी भरते, तिच्या धोक्याची सूचना देण्याचे उत्तरदायित्व शासनाला टाळता येणार नाही.

त्यासाठी फार मोठा खर्चही लागणार नाही. औषधाच्या पाकिटावर 'या औषधासोबत मद्य घेऊ नये' एवढे वाक्य ठळक मराठीत छापता वा शिक्क्याने उमटविता येईल. बाटलीवरील इशाऱ्यात औषधांचा उल्लेख वाढविता येईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, डॉक्टरांनी 'दारू घेता का? किती?' हे प्रत्येकाला, स्त्रियांनाही, निंदेचा सूर न लावता विचारले पाहिजे. रागावले जाण्याच्या भीतीने रुग्ण खोटे बोलतो आणि त्याच खोट्या उत्तरावर औषधाची मात्रा ठरते. रोज पिणाऱ्याने तर हे सांगणे अत्यावश्यक आहे. कारण दारू अचानक सोडणेही धोक्याचे असते व ती वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावी लागते.

मनाच्या आजाराबद्दल बोलण्याची लाज आता कोठे थोडी ओसरू लागली आहे. पिण्याबद्दलची लाज दवाखान्याच्या दारात ठेवून आत जाता आले, तर त्या गोळ्यांचा रुग्णाला खरा उपयोग होईल. पहिला प्रश्न मात्र डॉक्टरांनी विचारावयास हवा.