मिरजेच्या सतारीला मानांकन मिळाले, कारागिराच्या नावाचे काय?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! समाजमाध्यमांवर राग काढून झाला, निवेदने निघाली, कंपनीनेही प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. जुलैमध्ये न्यायालयाने ती फेटाळली. कारण साधे होते. याचिका वकिलांनी केली होती आणि त्यांच्यापैकी कुणीही त्या चपलेच्या भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे जीआयचा, नोंदणीकृत मालक नव्हता. ते मानांकन महाराष्ट्राचे लिडकॉम आणि कर्नाटकचे लिडकर या दोन महामंडळांच्या नावावर आहे. पुढे डिसेंबरमध्ये प्राडाने करार केला तोही याच दोन महामंडळांशी.

ज्याचे नाव रजिस्टरमध्ये, त्याचेच न्यायालयात ऐकले जाते. या प्रकरणातला हा मुद्दा आपल्या समाजातल्या कारागिरांनी आणि छोट्या व्यापाऱ्यांनी नीट समजून घ्यावा असे आम्हाला वाटते. त्यासाठी मिरजेइतके जवळचे उदाहरण नाही.

मिरजेत तंतुवाद्ये घडवणारी बहुतेक घराणी शिकलगारांची. पूर्वजांचे काम तलवारी आणि शस्त्रांना धार लावण्याचे. शस्त्रांचे दिवस संपत आले तसे फरीदसाहेबांसारख्या उस्तादांनी एकोणिसाव्या शतकात तेच हात सतार-तानपुऱ्याकडे वळवले. मंगळवेढ्याकडचा भोपळा, कर्नाटकातले लाकूड आणि मिरजेचा कान, असा हा मेळ. संगीताच्या दुनियेत या वाद्यांना इज्जत आहे. मार्च २०२४ च्या अखेरीस मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळाले, तेव्हा आपल्यालाही अभिमान वाटला. वाटायलाच हवा.

पण या मानांकनाने नेमके काय राखले? राखले ते मिरजेचे नाव. दुसऱ्या गावात बनवलेली सतार कुणी 'मिरज सतार' म्हणून विकली तर तो गुन्हा आहे. कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड. इथपर्यंत उत्तम. मात्र मिरजेतच बनलेला तानपुरा मोठ्या शहरातल्या दुकानात जातो, तिथे त्याच्यावर दुकानाचे लेबल चिकटते आणि गिऱ्हाईक ते दुकान लक्षात ठेवते, तेव्हा जीआय काही करू शकत नाही. वाद्य अस्सल मिरजेचे आहे, फसवणूक कसली? फक्त ज्याने सहा-सहा महिने भोपळा सुकवला, जवारी काढली, त्याचे नाव कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. संस्थेच्या नावावर जीआय आले म्हणजे गल्लीतल्या प्रत्येकाला ते आपोआप लागू झाले असे नाही. प्रत्येक कारागिराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत स्वतःची नोंद करावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर या अर्जाची फी आहे दहा रुपये. चहापेक्षा स्वस्त. कलम २१ प्रमाणे अशी नोंद असलेला वापरकर्ताही नकलेविरुद्ध दाद मागू शकतो. त्याला कुठल्या महामंडळाच्या किंवा संस्थेच्या तोंडाकडे बघत बसावे लागत नाही. प्राडाच्या वेळी जी अडचण झाली, तिची ही किल्ली आहे.

स्वतःच्या दुकानाच्या नावाचा मामला वेगळा. त्यासाठी ट्रेडमार्क. वाद्यांसाठी वर्ग १५. एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गामागे साडेचार हजार रुपये, आणि नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. ट्रेडमार्कने काय साधते ते रूह अफजाच्या प्रकरणात दिसले. हमदर्दचे हे सरबत १९०७ पासूनचे. दुसऱ्या एका कंपनीने 'दिल अफजा' नावाचे सरबत आणले. २०२२ च्या सुरुवातीला एकल न्यायाधीशांनी मनाई द्यायला नकार दिला, पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ती विक्री थांबवली. आता विचार करा, हमदर्दकडे नोंदणीच नसती तर? नोंदणी नसलेल्या नावालाही 'पासिंग ऑफ'खाली संरक्षण मिळते हे खरे, पण तिथे आधी आपला लौकिक पुराव्यानिशी सिद्ध करत बसावे लागते. लहान दुकानदाराला ते झेपणारे नसते.

इथे आपल्या लोकांच्या एका सवयीबद्दल बोललेच पाहिजे. दुकान काढले की मदिना, बिस्मिल्लाह, ताज. बरकतीसाठी नाव ठेवले, भावना चांगलीच आहे. पण अशी नावे गल्लोगल्ली असतात, त्यावर एकट्याचा हक्क सांगणे जवळजवळ अशक्य. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उदबत्तीसाठी 'रामायण' या नावाचा ट्रेडमार्क नाकारला होता. पवित्र ग्रंथाचे नाव एका व्यापाऱ्याच्या मालकीचे होऊ शकत नाही. गावाच्या नावाचीही तीच अडचण. नुसते 'मिरज म्युझिकल्स' असेल तर हरकत येणारच. त्यापेक्षा वडिलांचे पूर्ण नाव, एखादी खास खूण, वाद्यावर कोरता येईल असे चिन्ह जास्त टिकते. अर्जावर हरकतीचे पत्र आले की तीस दिवसांत उत्तर द्यायचे असते. कितीतरी अर्ज इथेच बुडतात, कारण ईमेल भाच्याचा असतो आणि भाचा दुबईत.

सगळ्यात दुखरी जागा मात्र घरातच आहे. उस्ताद गेल्यावर भावाभावांत दुकान, अवजारे, लाकूड सगळ्याची वाटणी होते. नावाची कुणी करत नाही. मग एकाच गल्लीत एकाच नावाच्या तीन पाट्या लागतात, "हीच मूळ" असे प्रत्येकावर लिहिलेले. पुढच्या पिढीत हे कोर्टात जाते. वडील हयात असतानाच नाव कुणाच्या मालकीचे, इतरांनी ते कसे वापरायचे, हे भागीदारीच्या कागदावर लिहून घ्यायला काय हरकत आहे? ट्रेडमार्क लेखी करार करून दुसऱ्याच्या नावावर करता येतो. जीआय मात्र विकता किंवा सोपवता येत नाही.

नवे काही करणाऱ्या तरुणांना इतकेच सांगू, की घडीची सतार असो वा नवा पिकअप, आधी डिझाइन किंवा पेटंटचा अर्ज करा, मग यूट्यूबवर टाका. एकदा जगाला दाखवले की कायद्याच्या नजरेत ते सहसा 'नवे' राहत नाही.

आणि ज्यांच्या माळ्यावर आजोबांची बिलबुके, गायकांची पत्रे, जुन्या दुकानाचे फोटो पडले आहेत, त्यांनी ते यंदाच्या सफाईत रद्दीवाल्याला देऊ नयेत. हे नाव किती वर्षांपासून आपले आहे, असे न्यायालय विचारेल तेव्हा हेच कागद समोर ठेवावे लागतील.