थांबला तो सुटला, निघाला तो अडकला

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे जे घडले, त्याकडे आपल्या सुशिक्षित समाजाचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. अमेरिकन नागरिकांशी विवाह करून कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ज्याला आपण सारे ‘ग्रीन कार्ड’ म्हणतो तो, मागण्यासाठी सरकारी कचेरीत मुलाखतीस आलेल्या काही परदेशी पतिपत्नींना तेथल्या तेथेच अटक करण्यात आली. ही माणसे सरकारनेच धाडलेल्या बोलावण्यावरून आली होती. त्यांचा विवाह खरा की खोटा याची तपासणी व्हायची होती. आक्षेप निघाला तो निराळाच : त्यांच्या वास्तव्याची मुदत टळून गेली होती! ती टळली होती हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. किंबहुना अशा अर्जदारांसाठीच कायद्याने हा मार्ग गेली कित्येक वर्षे उघडा ठेवला आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गात ज्याचा मुलगा, मुलगी, पुतण्या किंवा भाची अमेरिकेत नाही असे घर आता शोधावे लागेल. त्यांतील बहुतेकांचे कागद चोख असतात. परंतु कोणाचे शिक्षण मध्येच सुटते. कोणाची नोकरी जाते आणि नवी मिळविण्यासाठी कायद्याने दिलेले साठ दिवस बघता बघता उलटतात. अशा तरुणाने पुढे तेथील नागरिक असलेल्या मुलीशी लग्न केले, तर येथे त्याचे आईवडील शेजाऱ्यापाजाऱ्यांना ‘कागदपत्रांचे काही चालले आहे’ एवढेच मोघम सांगतात. या कुजबुजीतूनच अर्धवट माहिती पसरते, आणि या बाबतीत अर्धवट माहितीसारखा घातक सल्लागार दुसरा नाही.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. पासपोर्टवर चिकटविलेला व्हिसा आणि त्या देशात राहण्याची मुदत या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींना अमेरिकेचा दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा मिळाला की दहा वर्षांची निश्चिंती झाली असे वाटते. वस्तुतः तो व्हिसा म्हणजे दहा वर्षांपर्यंत दार ठोठावण्याची अनुमती होय. आत किती दिवस राहावयाचे ते विमानतळावरील अधिकारी ठरवितो, आणि ती तारीख ‘आय-९४’ या नोंदीत असते; पर्यटकाला बहुधा सहा महिने मिळतात. विद्यार्थ्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याला बहुधा ठरावीक तारखेऐवजी ‘शिक्षण चालू असेपर्यंत’ अशी मुदत मिळत आली आहे. मुदतबाह्य वास्तव्याचे दिवस मोजावयाचे ते या नोंदीवरून, व्हिसावरील तारखेवरून नव्हे.

आता मूळ कायद्याकडे वळू. अमेरिकेत राहूनच कायम वास्तव्याचा अर्ज करण्याची सोय १९५२ च्या कायद्याने प्रथम केली. जो रीतसर तपासणी होऊन देशात आला, आणि ज्याचा विवाह अमेरिकन नागरिकाशी झाला, त्याची मुदत टळलेली असली किंवा त्याने विनापरवाना नोकरी केलेली असली तरी तेवढ्यावरून त्याचा अर्ज फेटाळला जात नाही, असे त्या कायद्याचे आजचे स्वरूप आहे. मात्र ही सवलत नागरिकाच्या जोडीदाराला आहे, ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला नाही. आपल्या वधूवरसूचक जाहिरातींत ‘सिटिझन’ आणि ‘ग्रीन कार्ड’ हे शब्द जणू एकाच नाण्याच्या दोन बाजू असल्याप्रमाणे छापले जातात. मुदत टळलेल्या मुलीच्या दृष्टीने या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पती केवळ कार्डधारक असेल, तर तो नागरिक होईपर्यंत तिची वाट अडलेलीच राहते.

येथवर हा कायदा समंजस म्हणावा असा आहे. परंतु १९९६ साली अमेरिकन काँग्रेसने त्याला अशी एक जोड दिली की तिच्यापुढे तर्कशास्त्राने हात टेकावेत. मुदतीनंतर १८० दिवसांहून अधिक काळ राहून जो देश सोडील त्याला तीन वर्षे, आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक राहून जो देश सोडील त्याला दहा वर्षे पुन्हा प्रवेश नाही, असा हा दंडक आहे. १९९७ च्या १ एप्रिलपासून त्याचे दिवस मोजले जात आहेत. यातील ‘सोडील’ हा शब्द वाचकांनी नीट पाहावा. दंड पडतो तो मुदतीनंतर राहिल्याबद्दल खरा, पण त्याचा अंमल सुरू होतो तो माणूस निघून गेल्यावर. वर्षभर बेकायदा राहिलेला मनुष्य तेथेच ठाण मांडून बसला आणि त्याने नागरिकाशी विवाह केला, तर तो अर्ज करू शकतो. तोच मनुष्य चूक उमगून प्रामाणिकपणे मायदेशी परतला आणि नंतर त्याच पत्नीसाठी रीतसर व्हिसा मागू लागला, तर त्याला दहा वर्षे बाहेर! ‘थांबला तो संपला’ ही आपली म्हण या कायद्याने उलटी केली आहे. बेकायदा राहणाऱ्यांनी निघून जावे म्हणून जो निर्बंध घातला, त्यानेच त्यांना तेथे खिळवून ठेवले आहे.

याचे परिणाम काय होतात ते आपल्याकडील घरांतून पाहावे. वडील अंथरुणाला खिळले आहेत, मुलगा येत नाही. आईचे दिवसकार्य पुतण्याने उरकले, मुलगा संगणकाच्या पडद्यावरून पाहत राहिला. नातलग म्हणतात, ‘अमेरिकेत जाऊन मुलगा परका झाला, बायकोच्या मुठीत गेला.’ हा आरोप बहुधा अन्यायाचा असतो. अर्ज निकालात निघालेला नाही, प्रवासाची परवानगी हाती आलेली नाही, अशा स्थितीत त्याने विमानात पाऊल टाकले तर त्याचा अर्ज सोडून दिला असे धरले जाते आणि वर दहा वर्षांची बंदी त्याच्या कपाळी येते. मग इकडे आई, तिकडे पत्नी आणि मूल, अशी निवड त्याला करावी लागते. ती निवड कोणत्याही सुधारलेल्या राष्ट्राच्या कायद्याने माणसापुढे टाकू नये.

या बंदीतून सूट नाही असे नाही. परंतु त्यासाठी अमेरिकन नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या पती, पत्नी अथवा आईवडिलांना ‘पराकाष्ठेचे हाल’ सोसावे लागतील हे सिद्ध करावे लागते. ताटातुटीचे सामान्य दुःख यात पुरेसे धरले जात नाही. मुलांच्या हालांना त्यात स्वतंत्र स्थान नाही, आणि पुण्यात एकट्या पडलेल्या आईच्या हालांना तर मुळीच नाही. शिवाय एकदा माणूस देशाबाहेर गेला की त्याचे भवितव्य वकिलातीतील अधिकाऱ्याच्या हाती जाते, आणि त्याच्या नकारावर न्यायालयात दाद मागणे जवळजवळ अशक्य होते. आपल्या परदेशी जोडीदाराला देशात घेतलेच पाहिजे असा मूलभूत हक्क अमेरिकन नागरिकाला नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या जूनमध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. तेव्हा देशात राहून लढणे आणि बाहेरून याचना करणे यांत किती फरक आहे ते निराळे सांगावयास नको.

जे रीतसर तपासणी न होता सीमा ओलांडून गेले त्यांची स्थिती याहून बिकट आहे. २०२५ च्या ५ फेब्रुवारीस अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडले, तेव्हा ‘डंकी’ हा शब्द घरोघरी पोहोचला. अशा मार्गाने गेलेल्याने पुढे नागरिकाशी खराखुरा विवाह केला तरी सामान्यतः त्याला देशात राहून अर्ज करता येत नाही. बाहेर जावे लागते आणि बाहेर गेला की बंदी आहेच. अशांपैकी दीर्घकाळ राहिलेल्या जोडीदारांना दिलासा देणारी एक योजना बायडेन सरकारने २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू केली. आठवडाभरातच टेक्ससच्या न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि नोव्हेंबरात ती रद्द ठरविली.

कायद्याचे समर्थक म्हणतील की, विवाहाचे निमित्त करून कोणीही घुसेल, त्यास आळा नको काय? आळा अवश्य हवा, आणि तो आहेही. पैसे देऊन खोटी लग्ने लावण्याचा धंदा तेथे चालत आला आहे, हे कोणी नाकारू नये. १९८६ च्या कायद्याने अशा लबाडीस पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड ठेवला आहे. नवविवाहितांना प्रथम दोन वर्षांचेच सशर्त कार्ड मिळते, आणि ती सरत आली की उभयतांनी मिळून पुन्हा अर्ज करावयाचा असतो. संशय आला तर नवराबायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून कोण कोणत्या बाजूस झोपतो येथपर्यंत प्रश्न विचारतात. आपल्याकडील कित्येक सुखी जोडपी त्या परीक्षेत नापास होतील! पण परीक्षा घेण्यास आमची हरकत नाही. आमची हरकत आहे ती परीक्षेस बोलावून विद्यार्थ्यास दारातच पकडण्याला.

या व्यवस्थेत आणखी एक धोका दडलेला आहे, आणि मुली परदेशी देणाऱ्या पालकांनी तो ओळखला पाहिजे. जिचे वास्तव्यच पतीच्या सहीवर अवलंबून आहे ती स्त्री छळ झाला तरी बोलत नाही. अमेरिकन काँग्रेसने १९९४ साली स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्ध जो कायदा केला, त्याने अशा छळ झालेल्या जोडीदाराला पतीस न कळविता स्वतःच अर्ज करण्याचा अधिकार दिला आहे. हे येथील किती आईवडिलांना माहीत आहे?

विवाहावरून परदेशी माणसाला छळण्याची अमेरिकेची परंपरा तशी जुनी आहे. भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली दिला. आणि १९२२ च्या कायद्याप्रमाणे अशा ‘अपात्र’ परदेशीयाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे स्वतःचे नागरिकत्वही जात असे. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकन पत्नीवर हाच प्रसंग आला. ती तरतूद १९३१ साली गेली, आणि १९४६ साली भारतीयांना वर्षाला १०० जागांचा कोटा मिळाला. म्हणजे तो देश आपले चुकलेले कायदे बदलतो. फक्त त्याला वेळ फार लागतो.

परंतु दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखविताना आपल्या अंगणातही पाहिले पाहिजे. भारतीयाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीला आपल्या १९५५ च्या कायद्यान्वये नागरिकत्वाचा अर्ज करण्यापूर्वी सात वर्षे येथे राहावे लागते, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर मुदतबाह्य राहिलेला परदेशी ‘बेकायदा स्थलांतरित’ ठरून त्या अर्जालाच मुकतो. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने अशा वास्तव्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. विवाहामुळे मुदतबाह्य वास्तव्य माफ व्हावे अशी अमेरिकेसारखी सरळ तरतूद आपल्याकडे नाही. पहलगामच्या भीषण हत्याकांडानंतर २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. त्या वेळी सरकारचा संताप रास्त होता. परंतु पती एका देशाचा आणि पत्नी दुसऱ्या देशाची अशा निरपराध कुटुंबांची अटारीच्या नाक्यावर झालेली ताटातूट पाहून कोणाचे मन हलले नसेल? सॅन दिएगोच्या अटकांबद्दल हळहळणाऱ्यांनी हेही आठवावे.

आमच्या मते अमेरिकेने करावयाची दुरुस्ती अगदी साधी आहे. १९९६ ची तीन व दहा वर्षांची बंदी निदान नागरिकांच्या जोडीदारांपुरती काढून टाकावी आणि तिच्या जागी दंडाची रक्कम ठेवावी. हा विचार त्या कायद्याला परका नाही. २००१ च्या ३० एप्रिलपर्यंत ज्यांच्यासाठी अर्ज दाखल झाले त्यांना एक हजार डॉलर दंड भरून देशातच कागद नियमित करण्याची सोय तेथे होतीच. दंड भरून सुटणारा मनुष्य सरकारच्या नोंदीत येतो, कर भरतो आणि आईच्या आजारपणात घरी येऊन परतही जाऊ शकतो. पण सध्याच्या सरकारचा रोख उलट दिशेने आहे. विवाहाच्या आधारे केलेला अर्ज प्रलंबित असणे म्हणजे हद्दपारीपासून संरक्षण नव्हे, असे तेथील खात्याने २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या नियमावलीत स्पष्ट लिहून ठेवले, आणि नोव्हेंबरातील अटका त्याच धोरणाशी जुळणाऱ्या आहेत. कायद्याची अक्षरे तशीच आहेत. परंतु परवाना देणे हा अधिकाऱ्याच्या विवेकाचा भाग असल्यामुळे अक्षरे न बदलताही पुष्कळ काही बदलता येते.

अशा वेळी येथल्या पालकांनी मुलांना ‘एकदा येऊन जा, मग बघू’ असा आग्रह करू नये. मुदत टळून किती दिवस झाले, तो तपासणी होऊन आत गेला होता काय, पत्नी नागरिक आहे की कार्डधारक, आणि नोकरीच्या अर्जावर ‘मी अमेरिकन नागरिक आहे’ अशा चौकोनात त्याने कधी खूण तर केली नव्हती ना, हे चार प्रश्न त्याने तिकीट काढण्यापूर्वी आणि मुलाखतीस जाण्यापूर्वी तेथील जाणत्या वकिलापुढे ठेवावेत. यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत जड आहे. झालेला उशीर त्या कायद्यात विवाहाने माफ होऊ शकतो. नागरिकत्वाचा खोटा दावा मात्र खऱ्या विवाहानेही बहुधा धुऊन निघत नाही. आणि आपल्या परराष्ट्र खात्यानेही अमेरिकेतील आपल्या वकिलातींना सांगावे की, अशा मुलाखतीच्या दारात कोणी भारतीय पकडला गेला तर त्याच्या घरी कळविण्याचे काम वृत्तपत्रांवर सोपवू नये.