बाजार खुला, शेतकरी बांधलेला

१९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले, तेव्हा विदर्भातली पऱ्हाटी पात्या-फुलांवर होती. सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. शेतकऱ्याच्या घरात पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस येतो तो याच काळात, आणि नेमका हाच काळ परदेशी गाठींना मोकळा करून दिला गेला. कारण सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात कर लादला, कापड निर्यातदार अडचणीत आले, त्यांना स्वस्त कापूस हवा होता. तिरुपूरच्या कारखान्यांतील कामगारांवर आलेले ते संकट खरे होते, त्यांना आधार देणे सरकारचे कर्तव्यच होते. पण वॉशिंग्टनमध्ये झालेल्या निर्णयाचा भुर्दंड यवतमाळ-वाशीमच्या कोरडवाहू शेतकऱ्याने का सोसायचा, याचे उत्तर कोणीही दिलेले नाही.

वऱ्हाडला जागतिक बाजार नवा नाही. १८५३ मध्ये निजामाकडून हा सुपीक मुलूख कंपनी सरकारने आपल्या ताब्यात घेतला, त्यात कापसाचा लोभ मोठा होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत त्या पैशावर बँका आणि समुद्र हटवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि तो सगळा डोलारा कोसळला. रेल्वेचे फाटे मात्र खामगाव आणि अमरावतीच्या बाजारापर्यंत पोहोचले, ज्वारीची जमीन कापसाखाली जात राहिली आणि शतकाच्या अखेरीस दुष्काळ पडला तेव्हा नगदी पिकाच्या या मुलखात माणसे अन्नावाचून मेली. तेजीचा पैसा दलालापर्यंत पोहोचला आणि मंदी थेट शेतात उतरली. दीडशे वर्षांनंतरही हा हिशेब बदललेला नाही.

फरक एवढाच, की आता निर्णय आपलेच सरकार घेते. २०१० मध्ये जगात भाव चढू लागताच कापसाच्या निर्यातीवर टनामागे २,५०० रुपये शुल्क बसले. ५ मार्च २०१२ रोजी निर्यातबंदी जाहीर झाली. ओरड झाल्यावर ती आठवडाभरात मागे घ्यावी लागली, पण बाजाराला जायचा तो संदेश गेला होता. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पलीकडे गेला, आणि १४ एप्रिलपासून आयात शुल्क माफ झाले. सरकारे बदलली, पक्ष बदलले, रीत तीच राहिली. भाव चढला की ग्राहक आणि गिरण्या आठवतात. भाव पडला की मात्र बाजाराच्या नियमांत ढवळाढवळ करू नये, असे शेतकऱ्याला सांगितले जाते.

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाला पाठिंबा दिला तेव्हा महाराष्ट्रातल्या डाव्या-उजव्या सगळ्यांनीच त्यांच्यावर टीका केली. त्यांचे म्हणणे सरळ होते. भारतातल्या शेतकऱ्याला मिळते ती उणे सबसिडी. सरकारच त्याचे भाव पाडते, म्हणून जगाचा बाजार त्याला खुला झाला तर त्याचा फायदाच होईल. त्या मांडणीतला एक भाग काळाने खोटा ठरवला, कारण जगाचा बाजारही निर्मळ नव्हता. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलरचे अनुदान देत राहिली. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली, २००५ मध्ये अपिलातही अमेरिका हरली आणि शेवटी २०१४ मध्ये ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन तिने प्रकरण मिटवले. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे गरीब देश २००३ पासून हेच गाऱ्हाणे मांडत आले, त्यांच्या पदरात काही पडले नाही. जोशींच्या मांडणीतला दुसरा भाग मात्र आजही तंतोतंत खरा आहे: आपल्या शेतकऱ्याला खुला बाजार कधी मिळालाच नाही.

तंत्रज्ञानाचेही तेच. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये त्याची दुसरी पिढी आली आणि तिथेच सगळे थांबले. गुलाबी बोंडअळीने ते बियाणे कधीच निष्प्रभ केले. तणनाशक सहन करणाऱ्या वाणाला आपल्याकडे मान्यता नाही. अकोट तालुक्यात २०१९ मध्ये शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला, तर त्यांच्यावर कारवाई झाली. पण २०२५ च्या सवलतीत अमेरिका आणि ब्राझीलमध्ये अशाच वाणांपासून पिकलेला कापूस आपल्या बंदरांत विनाशुल्क उतरू शकला. सोयाबीनमध्ये हा दुटप्पीपणा आणखी उघडा पडला. २०२१ मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीनने दहा हजारांचा टप्पा गाठला आणि ऑगस्टमध्ये १२ लाख टन जनुकसुधारित सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली. नवे पीक बाजारात आले तोवर भाव पार उतरले होते. हे वाण मातीला आणि माणसाला घातक असतील तर त्यांचा मालही येऊ देऊ नये. घातक नसतील, तर ते पेरण्याचा हक्क इथल्या शेतकऱ्याला का नाही?

ब्राझीलमध्ये हेक्टरी रुईचे उत्पादन आपल्या तीन-चार पटींत आहे आणि तिथे यंत्र कापूस वेचते. आपल्याकडे तो बायका वेचतात, कंबरेला ओटी बांधून, उन्हात, किलोच्या दराने. कापसाचा भाव पडला की पहिली घासाघीस होते ती त्यांच्या मजुरीवर. जागतिकीकरणाच्या चर्चेत या बायका कधीच नसतात. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी द्यायला शेतकरी बापच तयार होत नाही, हे विदर्भ-मराठवाड्यातले वास्तवही त्या चर्चेत नसते. ज्या कामाला उद्याचा भरवसा नाही, त्या कामाची समाजातली पतही जाते. चाकणला कंत्राटी कामगार म्हणून राबणारा तरुण चार एकरांच्या मालकापेक्षा बरे स्थळ ठरतो. संस्कृतीवरचा परिणाम म्हणून आपण पोशाख, पिझ्झा आणि इंग्रजी शाळा मोजत बसतो. खरा परिणाम गावातल्या बिनलग्नाच्या पोरांच्या डोळ्यांत दिसतो.

हमीभाव आहे, असे सांगितले जाते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला तो ८,११० रुपये होता. पण तो मिळवायचा तर ॲपवर नोंदणी हवी, केंद्र वेळेवर उघडायला हवे आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. ज्याला दिवाळीआधी कृषी सेवा केंद्राची उधारी फेडायची आहे, त्याला थांबता येत नाही. तो खेडा खरेदीत मिळेल त्या भावाला माल देतो.

जागतिकीकरणातून माघार घेणे शक्य नाही आणि शेतकऱ्याच्या हिताचेही नाही. नाशिकच्या द्राक्षांनी युरोपच्या बाजारात जे करून दाखवले, ते कापसालाही साधू शकते. मात्र त्यासाठी दोन्ही दिशांचा व्यापार एकाच नियमाने चालला पाहिजे. गिरण्यांना मदत हवी असेल तर ती तिजोरीतून द्यावी, कापसाचे भाव पाडून नव्हे. खरेदी केंद्रे दसऱ्याला उघडावीत. नव्या वाणांच्या चाचण्यांचे निकाल लोकांसमोर ठेवून, हो किंवा नाही, एकदाचा निर्णय करावा. आणि सर्वांत आधी, पेरणीपूर्वी, मे संपण्याच्या आत केंद्राने कापूस आणि सोयाबीनचे आयात-निर्यात धोरण जाहीर करावे आणि पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरअखेरपर्यंत त्याला हात लावू नये. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात. पक्ष बाजूला ठेवून त्यांनी ही एक मागणी लावून धरावी.